साब बुडाली ती वेगळी होती म्हणून नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या गाड्यांच्या पानावर बंद पडलेल्या परदेशी ब्रँडवर एक लेख आला होता, त्यात स्वीडनच्या साब गाडीच्या वाट्याला जेमतेम चार ओळी होत्या आणि त्या चार ओळींत "विक्षिप्त गाड्या बनवायचे, गिऱ्हाईक मिळेना, कंपनी बुडाली" एवढंच. वाचल्यापासून आठवडाभर डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर कापा, पण व्हेंडरच्या पेमेंटचा भाग आहे तो कृपया ठेवा.

मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपची टूलरूम, म्हणजे डाय (साचे) बनवायचा विभाग, तीसेक वर्षं सांभाळली, आता रिटायर आहे. मुलगी आणि जावई गोथेनबर्गला असतात, आयटीत. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे गेलो होतो तेव्हा जावयांना म्हटलं मला राजवाडे बिजवाडे नका दाखवू, ट्रोलहॅटनला न्या. गोथेनबर्गपासून ट्रेनने उत्तरेला सत्तरेक किलोमीटर, नदीकाठचं गाव, धबधबा आहे, कालवा आहे, जहाजं वर चढवायचे लॉक आहेत, वस्ती म्हणाल तर आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तिथे साबचा कारखाना होता आणि आता साबचं म्युझियम आहे. मी सकाळी उघडल्या उघडल्या आत गेलो, बायको आणि मुलगी धबधबा बघून, जेवून परत आल्या तरी मी आतच.

साब हे नाव म्हणजे त्यांच्या भाषेतल्या विमान कंपनीच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं. कंपनी १९३७ ची, काम लढाऊ विमानांचं. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आता विमानांच्या ऑर्डरी आटणार, माणसं आणि मशिनं तर आहेत, मग करायचं काय, तर मोटारगाडी. ज्या पंधरा-सोळा लोकांनी पहिली गाडी काढली त्यातल्या एकदोघांकडेच ड्रायव्हिंग लायसन्स होतं असं सांगतात. मुख्य इंजिनियर गुन्नार युंगस्ट्रोम आणि आकार दिला सिक्स्टन सासोन यांनी. ती पहिली हाताने ठोकून केलेली गाडी, तिला उरसाब म्हणतात, म्युझियममध्ये उभी आहे. विमानाचा पंख मधूनच कापून चार चाकांवर ठेवावा तशी दिसते, चाकंसुद्धा अर्धी झाकलेली. मी तिच्या पत्र्याचे जोड बघत किती वेळ उभा होतो मलाच माहीत, कारण डायशिवाय तसा पत्रा वळवणं म्हणजे काय काम असतं हे ज्याने हातोडी धरलीये त्यालाच कळतं.

१९४९ च्या डिसेंबरात साब ९२ चं उत्पादन सुरू झालं. दोन सिलिंडरचं ७६४ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, २५ हॉर्सपॉवर, पुढच्या चाकांना ताकद. सुरुवातीच्या सगळ्या गाड्या एकाच हिरव्या रंगाच्या, विमानांसाठी घेतलेला रंग उरला होता म्हणे. डिकीला बाहेरून झाकणच नव्हतं, सामान ठेवायचं तर मागच्या सीटकडून आत सारायचं, झाकण आलं १९५३ ला. पण हवा कापायच्या बाबतीत ती गाडी त्या काळात इतकी पुढे होती की २५ हॉर्सपॉवरवर ताशी शंभरच्या वर जायची.

आता टू-स्ट्रोक म्हटल्यावर पुणेकराला वेगळं काही सांगायला नको. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या माणसाने पंपावर "दोन लिटर, आणि टू-टी टाक" (म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) असं म्हटलेलं असतंच. मी तरुण असताना स्कूटरवरून साताऱ्याला जायचो, डबलसीट, कात्रजचा जुना घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली आणि खाली येईपर्यंत इंजिन जॅम. नाना पेठेत एका मिस्त्रींकडे नेली, त्यांनी पिस्टन हातात देऊन दाखवला, त्याच्यावर उभे ओरखडे. म्हणाले, "अहो, ऑइल पेट्रोलमधूनच येतं ना, तुम्ही थ्रॉटल बंद केलात म्हणजे ऑइल बंद केलंत आणि वर इंजिन जोरात फिरवलंत. उतारावर अधूनमधून जरा रेस द्यायची." ही गोष्ट मी जन्मात विसरलो नाही. आणि साबने या दुखण्यावर काय केलं होतं तर गाडीत फ्रीव्हील बसवलं होतं, आपल्या सायकलला असतं तसं! ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकं इंजिनला ओढत नाहीत, गाडी घरंगळत राहते आणि इंजिन आपलं शांत फिरत राहतं, त्यामुळे ऑइलचा प्रश्नच येत नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल मोटारीत सायकलचं फ्रीव्हील, काय हा वेडेपणा. वेडेपणा अजिबात नाही, अडचण ओळखून काढलेला उपाय आहे तो. तुमच्या लेखातल्या "विक्षिप्त" शब्दावर माझा राग आहे तो इथून सुरू होतो.

सगळ्यात जास्त टिंगल झाली ती किल्लीची. साब ९९ पासून पुढे किल्ली स्टिअरिंगपाशी नाही तर दोन सीटच्या मधे, गिअर लिव्हरच्या बाजूला. का, तर ॲक्सिडेंटमध्ये ड्रायव्हरचा गुडघा पुढे आदळतो तेव्हा तिथे किल्ली असली की गुडघ्यात घुसते. आणि त्यांनी कुलूप स्टिअरिंगला न लावता गिअरबॉक्सला लावलं, रिव्हर्स टाकल्याशिवाय किल्ली निघतच नाही. हेडलाइटला छोटे वायपर लावले १९७० च्या सुमारास, कारण तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा चिखल-बर्फ उडून दिवे झाकले जातात आणि तेव्हा दिवस मावळतोच मुळी दुपारी. गरम होणारी सीट १९७१ ला. हळू धडक बसली तर आपोआप मूळ आकाराला येणारा बंपर त्याच वेळचा. काचेच्या बाजूचे खांब भक्कम, कारण तिथल्या जंगलात एल्क असतं, आपल्या सांबरापेक्षा कितीतरी मोठं आणि लांब पायांचं, ते आडवं आलं की पाय बंपरला लागतात आणि अख्खं धूड काचेवर येतं. केबिनमध्ये येणारी हवा गाळणारा फिल्टर त्यांनी सत्तरच्या दशकातच दिला होता, तो आज आपण दर सर्व्हिसिंगला बदलतो आणि बिल देतो. यातलं एक तरी उगाच केलेलं आहे का सांगा.

आणि रॅली. एरिक कार्लसन नावाच्या ड्रायव्हरने ८४१ सीसीची टू-स्ट्रोक साब ९६ घेऊन १९६० ते १९६२ अशी सलग तीन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली जिंकली आणि १९६२, १९६३ ला माँटे कार्लो. ८४१ सीसी म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षा थोडंसंच मोठं इंजिन. पुढे १९६७ पासून धुराचं टू-स्ट्रोक इंजिन जाऊन जर्मनीच्या फोर्डचं व्ही-फोर आलं आणि ९६ चं मॉडेल १९८० पर्यंत चाललं.

टर्बोबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवं, कारण आज पुण्यात शोरूममध्ये जाल तर सेल्समन पहिल्या मिनिटाला "सर, वन लिटर टर्बो" म्हणतो. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा. तो साबने शोधला नाही, बीएमडब्ल्यू आणि पोर्शेने आधी आणला होता, पण तो स्पोर्ट्स गाडीचा मामला होता, गाडी खाली मरायची आणि वर गेली की एकदम उसळायची. साबने १९७७ ला ९९ टर्बो दाखवली त्यात टर्बो मुद्दाम छोटा घेतला आणि जास्तीचा दाब सोडून द्यायला व्हॉल्व्ह ठेवला, म्हणजे कमी आरपीएमलाच ताकद हाताशी येते, ऑफिसला जाणाऱ्या, मुलांना शाळेत सोडणाऱ्या माणसाला ती वापरता येते. दोन लिटरमधून १४५ हॉर्सपॉवर. यामागचे इंजिनियर पेर गिलब्रांड. त्यांनीच पुढे एपीसी काढलं, इंजिनच्या ब्लॉकवर एक सेन्सर जो नॉकिंग ऐकतो, आपण कान लावून "पिंग मारतंय" म्हणतो ना तेच, आणि नॉकिंग झालं की टर्बोचा दाब कमी करतो, त्यामुळे पेट्रोल हलकं मिळालं तरी इंजिन फुटत नाही. मोठं इंजिन लावण्यापेक्षा छोट्या इंजिनाकडून नीट काम करून घ्या हा विचार आज सगळी दुनिया करतेय, यांनी तो सत्तरच्या दशकातच केला आणि केला तेव्हा यांना विक्षिप्त म्हटलं गेलं.

१९७८ ला आलेली साब ९०० ही त्यांची सगळ्यात गाजलेली गाडी, ९ लाखांहून जास्त बनल्या, अमेरिकेत प्राध्यापक, आर्किटेक्ट, डॉक्टर अशी मंडळी घ्यायची. म्हणजे "गिऱ्हाईक मिळेना" हेही खरं नाही. गिऱ्हाईक होतं, नुसतं होतं नाही तर जीव टाकणारं होतं. २०१० च्या जानेवारीत कंपनी बंद होणार म्हटल्यावर कितीतरी देशांत साबवाले आपापल्या गाड्या घेऊन थंडीत रस्त्यावर उतरले होते, कंपनी वाचवा म्हणून. गिऱ्हाइकाने कंपनीसाठी मोर्चा काढलेला मी तरी दुसरीकडे ऐकला नाही.

मग बुडाली कशी. माझ्या मते पहिलं कारण आकडा. साबने अख्ख्या इतिहासात एका वर्षात कधी दीड लाख गाड्या बनवल्या नाहीत. आज मारुती तेवढ्या एका महिन्यात विकते. आणि गाडी दहा हजार बनवा की दहा लाख, डाय तेवढीच लागते, क्रॅश टेस्ट तेवढीच, इंजिनचं डेव्हलपमेंट तेवढंच. टूलरूममध्ये आम्ही याला पीसवर खर्च बसणं म्हणतो, पीस कमी असले की एका पीसवर बसणारा डायचा खर्च डोळ्यात पाणी आणतो. त्यामुळे साबकडे नवीन मॉडेलला पैसा कधी नसायचाच, ९०० पंधरा वर्षं चालवली, ९००० ही दुसरी गाडी चौदा वर्षं, आणि ती ९००० सुद्धा इटलीच्या फियाट, लान्शिया, अल्फा रोमियोबरोबर खर्च वाटून घेऊन केलेली. त्यात ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतली विक्री पडली, डॉलर पडला, आणि नेमका त्याच वेळी माल्मोला नवा कारखाना उघडला, १९८९ ला उघडला आणि १९९१ ला बंद.

तिथे आली अमेरिकेची जनरल मोटर्स. ६० कोटी डॉलर देऊन निम्मा हिस्सा घेतला, व्यवहार १९८९ च्या शेवटी ठरला. उरलेला निम्मा २००० साली घेतला तो फक्त साडेबारा कोटीत, दहा वर्षांत किंमत कुठे आली बघा. नवी ९०० आली ती जनरल मोटर्सच्याच ओपेल व्हेक्ट्रा गाडीच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर. प्लॅटफॉर्म वाटून घेण्यात पाप काही नाही, आज सगळेच करतात, पण मोठ्या घरातल्या धाकट्याला थोरल्याचे कपडे घालायला लावावेत तसं झालं. ट्रोलहॅटनचे इंजिनियर हट्टी, त्यांना ते कपडे अंगाला बसेनात, ते उसवून पुन्हा शिवायचे आणि त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जायचा. हा त्यांचा दोष होता हे मी मान्य करतो, हिशेब न बघता परफेक्शनच्या मागे लागलेली माणसं मी भोसरीत पाहिलीत आणि त्यांचं काय झालं तेही पाहिलंय. पण मालकाने त्याच्यापेक्षा वाईट केलं. २००४ ला सुबारूच्या इम्प्रेझाला थोडं नाक-डोळे बदलून साब ९-२एक्स म्हणून अमेरिकेत विकायला काढली. त्याच सुमारास शेवरोलेची ट्रेलब्लेझर, ओहायोत बनणारी अवजड अमेरिकन एसयूव्ही, तिला साबचा बिल्ला लावून ९-७एक्स केलं, आणि ती साब वाटावी म्हणून काय केलं तर किल्ली तेवढी उचलून दोन सीटच्या मधे आणून ठेवली. मला हे वाचताना खरंच वाईट वाटलं. गुडघ्यासाठी जी किल्ली मधे ठेवली होती ती आता शोभेसाठी मधे आली. म्हणजे संपादकसाहेब, गाडी वेगळी होती तोपर्यंत लोक मागत होते, ती दुसऱ्या कुणासारखी झाली तेव्हा लोकांनी विचारलं की मग आम्ही ह्याच्यासाठी जास्त पैसे का द्यायचे.

स्वीडनचीच व्होल्वोही अमेरिकन मालकाकडे गेली होती, फोर्डकडे, पण २०१० ला चीनच्या गीलीने घेतली, पैसा ओतला आणि गाडी मात्र स्वीडिश इंजिनियरांना करू दिली, आज ती व्यवस्थित उभी आहे. आपल्या टाटांनी २००८ ला जग्वार-लँड रोव्हर घेतली तेव्हाही ब्रिटिश गाडी ब्रिटिश गाडीच राहिली, पिंपरीचा बिल्ला कुणी तिच्यावर लावला नाही. साबला असा मालक वेळेत मिळाला नाही.

जून २००९ ला खुद्द जनरल मोटर्सच दिवाळखोरीत गेली. साब विकायला काढली. कोनिगसेग ही स्वीडनचीच महागड्या स्पोर्ट्स गाड्यांची चिमुकली कंपनी पुढे आली आणि नोव्हेंबरात मागे फिरली. मग २०१० च्या सुरुवातीला हॉलंडची स्पायकर, तीही वर्षाला मोजक्या गाड्या करणारी, तिने घेतली. माणसं आनंदाने नाचली असतील त्या दिवशी गावात. लाइन पुन्हा सुरू झाली, पण हातात खेळतं भांडवल नाही, आणि एप्रिल २०११ ला लाइन थांबली ती व्हेंडरांनी माल देणं बंद केलं म्हणून, कारण त्यांचे पैसेच मिळाले नव्हते.

हे पेपरात एका ओळीत छापून येतं, "सप्लायरची देणी थकल्याने उत्पादन ठप्प". भोसरी-चाकणच्या माणसाला विचारा त्या ओळीत काय असतं. आधी नव्वद दिवसांचं पेमेंट एकशेवीसवर जातं. मग परचेसवाला फोन उचलत नाही, मग उचलतो आणि "पुढच्या आठवड्यात नक्की, तोवर माल पाठवत राहा" म्हणतो. व्हेंडर ओव्हरड्राफ्ट काढून स्टील आणतो कारण ऑर्डर सोडली तर पुढचं काम जाईल, आणि ऑर्डर केली तर पगार कुठून द्यायचा. आमच्या वर्कशॉपमध्ये हे एकदा झालंय, मी कंपनीचं नाव घेणार नाही, दिवाळीला बोनस तर सोडाच पगार दोन हप्त्यांत झाला आणि आमच्या शेठजींनी बायकोचे दागिने ठेवले हे आम्हाला नंतर कळलं. माल थांबवणारा व्हेंडर रागाने थांबवत नाही हो, त्याच्याकडे पुढचा पीस काढायला स्टीलच उरलेलं नसतं. त्यामुळे ट्रोलहॅटनच्या म्युझियममध्ये २०११ च्या गाड्यांसमोर उभा राहिलो तेव्हा मला त्या गाडीपेक्षा तिच्या मागचे दोनशे-तीनशे छोटे कारखाने डोळ्यांसमोर आले, कुणी रबराचं बुश देणारा, कुणी सीटची क्लिप देणारा, त्यांची नावं कुठल्याच बोर्डावर नाहीत.

शेवटी चिनी कंपन्या पैसे द्यायला तयार होत्या पण आमचं तंत्रज्ञान चीनमधल्या दुसऱ्याच्या हातात जाऊ देणार नाही म्हणून जनरल मोटर्सने अडवलं, आणि १९ डिसेंबर २०११ ला, नाताळच्या तोंडावर, साबने दिवाळखोरी जाहीर केली. तीन हजारांहून जास्त कामगार. पुढे २०१२ ला नेव्ह्स नावाच्या कंपनीने कारखाना घेतला, २०१३ च्या डिसेंबरात साबचं जुनंच ९-३ मॉडेल परत काढायला सुरुवात केली, सहा महिन्यांत तेही थांबलं आणि २०१४ ला साब हे नाव वापरायचा हक्कही गेला, कारण नाव मूळ विमान कंपनीकडे, ती आजही ग्रिपेन लढाऊ विमानं बनवते आणि उत्तम चालू आहे.

आणि आता आपल्या गावाचं. तळेगावला ह्याच जनरल मोटर्सचा कारखाना २००८ ला सुरू झाला, २०१७ ला त्यांनी भारतात गाड्या विकणं थांबवलं, डिसेंबर २०२० ला तळेगावहून शेवटची गाडी निघाली आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. ट्रोलहॅटनच्या आणि तळेगावच्या कामगाराला एकाच ऑफिसातून निरोप आला. आपल्या पेपरने तळेगावच्या कामगारांच्या बातम्या तेव्हा छापल्या होत्या हे मला आठवतंय, म्हणून तर चार ओळींत उरकलेलं जास्त लागलं.

एक शेवटची गोष्ट. दिवाळखोरीनंतर म्युझियममधल्या शंभराहून जास्त गाड्याही विकायला निघाल्या होत्या, उरसाबसकट. जगभरातले शौकीन एकेक करून उचलून घेऊन गेले असते. तेव्हा त्या गावच्या नगरपालिकेने, विमान कंपनीने आणि वॉलेनबर्ग या स्वीडिश उद्योगपती घराण्याच्या फाउंडेशनने मिळून सगळा संग्रह एकगठ्ठा विकत घेतला आणि गावातच ठेवला. ज्या गावाचा सगळ्यात मोठा कारखाना नुकताच बंद पडला होता त्या गावच्या नगरपालिकेने. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं बजेट त्या गावाच्या किती पट असेल. अख्ख्या देशाच्या स्कूटरी, लुना, रिक्षा, ट्रक ज्या पट्ट्यात बनले तिथली पहिली मशिनं, पहिल्या डाय, जिग-फिक्स्चर, ड्रॉइंगं कुठे आहेत याची कुणीतरी नोंद करायला घ्यावी, कारण मी माझ्या डोळ्यांनी चांगल्या चांगल्या डाय भंगारात किलोवर जाताना पाहिल्यात. माझ्याकडे जुन्या टूलरूमची काही ड्रॉइंगं आणि दोन गेज जपून ठेवलेत, महापालिका किंवा एखादं कॉलेज घेणार असेल तर मी स्वतः रिक्षाने नेऊन देईन. आपल्या पानावर तेवढं छापलंत तर माझ्यासारखे आणखी पाच-दहा जण निघतील याची मला खात्री आहे.

आपला एक जुना वाचक,
निगडी प्राधिकरण, पुणे